बी.ए. ‘इंग्रजीतून’ की ‘इंग्रजीत’?

बारावीचा निकाल लागला की ठाण्याच्या कोलशेत रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत फॉर्म भरणाऱ्यांची रांग लागते. अशाच एका दुकानात मुलीला घेऊन आलेली एक बाई म्हणाली, “दादा, हिला इंग्रजीत बी.ए. करायचंय. इंग्लिश फाडफाड आलं की कुठेही चिकटेल.” दुकानदाराने स्क्रीनवरून नजर न काढताच विचारलं, “मावशी, माध्यम इंग्लिश की विषय इंग्लिश?” मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

प्रश्न साधा वाटतो, पण पुढची तीन वर्षं त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. ‘इंग्रजीत बी.ए.’ या दोन शब्दांत आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेऊन पेपर इंग्रजीत लिहिले, तर ते झालं माध्यम. कुठलाही विषय घेतला तरी सोबत येणारा संवादकौशल्याचा छोटा पेपर, ती झाली भाषेची तोंडओळख. आणि इंग्रजी हा ‘मेजर’ म्हणजे मुख्य विषय घेतला, तर ती झाली साहित्याची पदवी. बोलायला शिकवणारा क्लास या तिन्हींत कुठेच बसत नाही.

हा घोळ जुना आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. न्या. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर त्यांतलेच. त्यांचं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण भांडारकर पुढे नावाजले ते संस्कृतचे पंडित म्हणून. ‘इंग्रजी शिकलेला’ आणि ‘इंग्रजीतून शिकलेला’ यांतला फरक आपण तेव्हापासूनच पुसत आलो आहोत.

दारातून आत जाताना

प्रवेशाची अट सोपी आहे. बारावी उत्तीर्ण असावं लागतं, मग शाखा कला असो, वाणिज्य की विज्ञान. मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी प्रवेशपूर्व नावनोंदणी करायची, त्या नोंदणीच्या आधारे कॉलेजांत अर्ज टाकायचे आणि गुणवत्ता यादीकडे डोळे लावून बसायचं. नोंदणी राहिली, तर गुण चांगले असूनही धावाधाव होते.

कोलशेतला विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र अगदी जवळ, बाळकुमला आहे. पण तिथली ओळख विधी आणि व्यवस्थापन या अभ्यासक्रमांची. साहित्यासाठी गाठायची ती कला महाविद्यालयं. म्हणजे कोलशेतच्या खाडीवरून निघून ठाण्याच्या दुसऱ्या टोकाच्या खाडीवर, चेंदणी बंदर रोडच्या जोशी-बेडेकर महाविद्यालयात किंवा ज्ञानसाधनात जायचं. कल्याणकरांसाठी बिर्ला महाविद्यालय आहे. कुठेही गेलात तरी खिडकीवर एक प्रश्न विचाराच: “इंग्रजी मेजर म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं ना?” प्रत्येक कॉलेजात ते असतंच असं नाही, आणि हे दुसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

ज्यांना शिफ्टची नोकरी सांभाळून शिकायचंय, त्यांच्यासाठी १९७१ साली सुरू झालेली विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था आहे. जुन्या ‘आयडॉल’ नावानेच ती अजून ओळखली जाते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही आहे.

क्रेडिटचा हिशेब

नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही लागू झालं आणि ‘एफवाय, एसवाय, टीवाय’ म्हणत मोठ्या झालेल्या पालकांना मुलांची मार्कशीट अनोळखी वाटू लागली. हिशेब मात्र किराण्याच्या वहीइतका सरळ आहे. वर्गात १५ तास शिकलं की एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट, सहा सेमिस्टरना १३२. एवढे जमले की तीन वर्षांची पदवी. चौथं वर्षही केलं तर १७६ क्रेडिट आणि ‘ऑनर्स’.

मध्येच थांबावं लागलं तरी केलेलं वाया जात नाही. पहिल्या वर्षाच्या ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाअखेर ८८ क्रेडिटवर पदविका मिळते. मात्र असं बाहेर पडताना कौशल्याचे चार जादा क्रेडिट पूर्ण करावे लागतात. मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात.

आता मेख. पहिल्या सेमिस्टरच्या २२ क्रेडिटपैकी मेजर विषयाला साधारण सहाच येतात. बाकीच्या जागेत दुसऱ्या शाखेचे ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि एनएसएस-एनसीसीसारखे उपक्रम असतात. “मी इंग्रजी घेतलंय, मग हे काय?” असं पहिल्या वर्षाची मुलं हटकून विचारतात. मुख्य विषयाचं वजन पुढच्या वर्षांत वाढत जातं. तिसऱ्या वर्षी चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ही असतं. प्रत्यक्ष कामात एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ते १२० तासांचं झालं. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने ते प्रकाशनसंस्थेत, शाळेत किंवा भाषांतराच्या कामात मिळवलं, तर क्रेडिट आणि अनुभव दोन्ही पदरात पडतात.

याशिवाय हजेरी ७५ टक्के आणि उत्तीर्ण व्हायला ४० टक्के. विषय राहिला तर आपली चिरपरिचित ‘केटी’ आहेच.

साहित्याची चढण

मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षं हा अभ्यास एका क्रमाने चढत आला. पहिल्या वर्षी साहित्याची ओळख. दुसऱ्या वर्षी भारतीय इंग्रजी आणि अमेरिकन साहित्य. तिसऱ्या वर्षी सोळाव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचं ब्रिटिश साहित्य, त्याला जोडून समीक्षा आणि व्याकरण. नव्या रचनेत पेपरांची नावं आणि जागा बदलल्या, स्वायत्त कॉलेजं तर आपापला अभ्यासक्रम आखतात. पण कविता, नाटक, कादंबरी आणि त्यांच्याकडे बघायची दृष्टी हा गाभा तोच आहे.

या गाभ्यात मराठी माध्यमाच्या मुलाची पाटी कोरी नसते. ‘नटसम्राट’ पाहिलेला मुलगा ‘किंग लिअर’ उघडतो तेव्हा सगळं मुलांना देऊन टाकणारा म्हातारा त्याने आधीच पाहिलेला असतो. पण परीक्षेत “लिअरने राज्य मुलींना वाटलं आणि त्या फिरल्या” एवढं लिहून भागत नाही, ती झाली गोष्ट. प्रश्न असतो, शोकांतिका कशामुळे घडली? नायकाच्या अहंकारामुळे, त्याच्या आंधळेपणामुळे, की मुलींच्या दुष्टपणामुळे? इथे मत मांडायचं, त्याला नाटकातल्या ओळींचा आधार द्यायचा आणि विरुद्ध मताचाही समाचार घ्यायचा. गाईडमधला सारांश पाठ करून पास होता येतं, हा युक्तिवाद मात्र नाटक स्वतः वाचल्याशिवाय सुचत नाही.

शोकांतिकेच्या नायकाची चूक ही कल्पना ॲरिस्टॉटलची. त्याचं काव्यशास्त्र मराठीत आणलं विंदा करंदीकरांनी, ‘राजा लिअर’चा अनुवादही त्यांचाच. विंदा कॉलेजात इंग्रजी शिकवत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचेच प्राध्यापक होते, भालचंद्र नेमाडेंनीही इंग्रजी शिकवलं. तिघेही मराठीत लिहून मोठे झाले. इंग्रजी साहित्य वाचलं की मराठी सुटते, असं म्हणणाऱ्यांना यापलीकडे वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

पदवीनंतरच्या वाटाही आधीच पाहून ठेवाव्यात. शाळेत शिकवायचं तर बी.एड. करावं लागतं. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि वर नेट किंवा सेट. पत्रकारिता, भाषांतर, जाहिरातीचं लेखन आणि स्पर्धा परीक्षा यांना हीच पदवी चालते, पण तिथे प्रमाणपत्राच्या आधी तुमचं लिहिणं पाहिलं जातं.

दुकानातल्या त्या मुलीने शेवटी आईला डावलून स्वतःच विचारलं, “वाचायला किती असतं?” दुकानदार हसला, पण खरा प्रश्न तिनेच विचारला होता. क्रेडिट, हजेरी, इंटर्नल या लेखी अटी कॉलेज सांभाळून घेतं. वाचनाची अट कुठल्याच फॉर्मवर नसते. म्हणून शुल्क भरण्याआधी घरी एक चाचणी घ्यावी. एखादी इंग्रजी लघुकथा घ्या, शब्दकोश जवळ ठेवा, गाईड नको. वाचून झाल्यावर ती का आवडली किंवा का नाही, हे एक पानभर लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तर हरकत नाही, ते तीन वर्षांत सुधारतं. पण पान लिहिताना कंटाळा आला, तर दुकानदाराला सांगा, “दादा, माध्यम इंग्लिश ठेवा, विषय दुसरा टाका.”