एच.आय.व्ही. : विषाणू आणि भय

मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. अन्न महामंडळाची गोदामे आणि पानेवाडीचे इंधनडेपो यांमुळे मालमोटारींचा राबता येथे अहोरात्र असतो, आणि म्हणूनच एच.आय.व्ही. हा ट्रकचालकांचा व बदफैली माणसांचा रोग होय, हा समज अशा गावी सहज रुजतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. १९८६ साली भारतात पहिली बाधा उघडकीस आल्यापासून ज्या स्त्रिया बाधित ठरल्या, त्यांतील असंख्य विवाहितांना पतीखेरीज दुसरा पुरुष ठाऊक नव्हता. तरी पती निवर्तताच सासरचा ठपका त्यांच्याच माथी आला. जिचा तिळमात्र कसूर नाही तिनेच अपराध्यासारखे जगावे, यापरते क्रौर्य मी जाणत नाही.

ताटवाटी, शेजारी बसणे वा डासाचा दंश यांतून हा विषाणू जात नाही. असुरक्षित संभोग, दूषित रक्त वा सुई आणि बाधित मातेकडून बाळाकडे, हेच त्याचे मार्ग. वैद्यकशास्त्रास हे पुरते अवगत असताना १९८९ मध्ये गोव्यात, रक्तदानानंतर बाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणास म्हापशाच्या एका ओसाड क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात डांबण्यात आले, आणि तेव्हाच्या कायद्याची त्यास मुभा होती! शासनच जेथे भिते, तेथे प्रजेने निर्भय राहावे कसे?

निदान झाले की जगणे सरले, हीही समजूत आता निराधार आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे मिळू लागली. पुण्यातील जोडपीही ज्यात सहभागी होती अशा एका आंतरराष्ट्रीय संशोधनाने २०११ मध्ये दाखवून दिले, की लवकर उपचार घेतल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. मग खिन्नता, निद्रानाश, आत्मघाताचे विचार हे कोठून येतात? पुष्कळ अंशी बहिष्काराच्या धास्तीतून. आणि त्यांवरही उपचार आहेत. ओळखीचे कोणी पाहील म्हणून गावचे उपचारकेंद्र टाळणारा इसम औषधांनाही मुकतो, आणि नकळत साथ पुढे चालते. राष्ट्राची खरी हानी येथे आहे.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने नोकरी, शाळा, घर वा दवाखाना येथे बाधितास मज्जाव करणे निषिद्ध ठरविले असून, संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यासही सामान्यतः मनाई आहे. सरकारी केंद्रात तपासणी विनामूल्य होते, तिच्या आधी व नंतर समुपदेशक बोलतो. आणि तेथवर पाऊल उचलत नसेल, तर १०९७ या निःशुल्क क्रमांकावर घरबसल्या विचारपूस करता येते.