साथीच्या दिवसांतील मनाची शुश्रूषा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि आपण घरच्या वडीलधाऱ्या माणसांना जपून खोलीत ठेवले. ते योग्यच होते. परंतु देवळाचा कट्टा, मंडईची फेरी, दारावरच्या गप्पा हे सारे त्यांचे सुटले. बुद्धी तल्लख राहण्यास सहवास लागतो, याचा आपणांस विसर पडला. साथीच्या पहिल्या वर्षी जगभर चिंता व खिन्नता हे विकार २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले.

अशा वेळी आपण काय करावे? उठण्या-जेवण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. रोज कोणाशी तरी फोनवर निवांत बोलणे व्हावे. ऐकू कमी येणाऱ्यास मुखपट्टीमुळे समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. त्याच्याशी सावकाश, स्पष्ट बोलावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू येतो. एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो वयाचा दोष समजू नये. वृद्धांत कधी कधी ताप-खोकला नसतानाही संसर्गाचे तेवढेच लक्षण दिसते. "आता वय झाले" म्हणून स्वस्थ न बसता आपण तत्काळ डॉक्टरांना बोलवावे.