गर्भपाताचा कायदा आणि पित्याची जबाबदारी

गर्भपातासाठी पतीची संमती आवश्यक आहे काय, हा प्रश्न ग्रामीण रुग्णालयापासून न्यायालयापर्यंत वेळोवेळी उपस्थित होतो. पतीची स्वाक्षरी नाही म्हणून एखादी स्त्री परत पाठविली गेली, तर दिवस उलटतात आणि धोका वाढतो. अशा वेळी ती अप्रशिक्षित व्यक्तीच्या हाती पडली, तर प्राणावरही बेतते. म्हणूनच गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास या प्रश्नाचे नेमके उत्तर ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

१८६० च्या भारतीय दंड संहितेनुसार स्त्रीचे प्राण वाचविण्याचा हेतू वगळता गर्भपात हा अपराध होता. चोरून होणाऱ्या गर्भपातांतील प्राणहानी लक्षात घेऊन केंद्र सरकारने १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला व तो १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २०२१ च्या सुधारणेनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका आणि वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत, विहित प्रवर्गांतील स्त्रियांसाठी, दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे अनुकूल मत लागते.

संमती कोणाची?

सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा केवळ तिचीच संमती मागतो. ती अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असल्यास पालकाची लेखी संमती लागते. पतीच्या संमतीची अट कायद्यात कोठेही नाही. संमतीवाचून गर्भपात केला म्हणून पत्नी व डॉक्टरांकडून नुकसानभरपाई मागणाऱ्या एका पतीचा दावा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अमान्य केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. याउलट, स्त्रीच्या संमतीविना गर्भपात घडविणे हा गंभीर अपराध आहे. मुलगी नको म्हणून पत्नीवर दडपण आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मूल दोघांचे, तर निर्णय एकीचाच का, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. वैद्यकीय कारणाविना, पतीच्या नकळत केलेला गर्भपात मानसिक क्रौर्य ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका घटस्फोट प्रकरणात म्हटले. पत्नीच्या नकळत नसबंदी करून घेणाऱ्या पतीसही तेथे हाच न्याय लावला आहे. तथापि, हा वैवाहिक संबंधांचा प्रश्न झाला. गर्भाचा भार आणि प्रसूतीचा धोका स्त्रीच्या शरीरालाच सोसावा लागत असल्याने अंतिम निर्णय तिचा, ही कायद्याची भूमिका आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी जोडले.

पित्याचे कर्तव्य

निर्णय स्त्रीचा म्हणून पुरुषाची जबाबदारी संपत नाही. जन्मलेले मूल औरस असो वा अनौरस, त्याच्या निर्वाहाची जबाबदारी पित्यावर आहे. मूल आपणांस नको होते, ही सबब तेथे चालत नाही. कारण पोटगी हा मुलाचा हक्क आहे.

खरी जबाबदारी मात्र त्याआधीच सुरू होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्यास शतक उलटले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. वस्तुतः पुरुष नसबंदी ही स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे आणि तिने पुरुषत्वास बाध येत नाही.

ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत आणि आरोग्य केंद्रात ही माहिती स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. पतीची स्वाक्षरी नाही म्हणून कोणा स्त्रीस परत जावे लागू नये. आणि पतीने विचारपूर्वक साथ दिल्यामुळे तशी वेळच क्वचित यावी, हे साधण्यात पंचायत सदस्यांचा व शिक्षकांचा वाटा मोठा आहे.