शेड तीच, मग ठिगळ का दिसतं?

सोफ्याची पाठ घासते, मुलांची सायकल लागते, स्विचबोर्डाभोवती बोटांचे काळे ठसे उमटतात. माळ्यावरचा उरलेला डबा काढून तेवढ्या जागी ब्रश मारला की काम झालं, असं वाटतं. रंग वाळल्यावर मात्र खिडकीतून तिरपा उजेड आला की तेवढाच चौकोन उठून दिसतो. मग खापर फुटतं दुकानदाराच्या डोक्यावर: त्याने शेड चुकीची दिली!

शेड बहुतेक वेळा बरोबर असते. फरक असतो तो चकाकीत. इमल्शनमध्ये रंगद्रव्य असतं, ते भिंतीला धरून ठेवणारा बाइंडर असतो आणि पाणी असतं. टवका भरायला लावलेली लांबी कोरडी आणि सच्छिद्र असते. ती पाण्याबरोबर बाइंडरही ओढून घेते. कारागीर याला ‘भिंत रंग पिते’ म्हणतात. तिथला रंग निस्तेज होतो, शेजारचा जुना रंग त्यापेक्षा तुकतुकीत राहतो आणि एकाच रंगाच्या दोन छटा दिसू लागतात. म्हणून लांबी वाळली, पॉलिश पेपरने घासली, की आधी तेवढ्या जागी प्रायमर लावायचा. ‘एवढ्याशा जागेला कशाला प्रायमर’ हे वाक्य महाग पडतं.

हत्यारामुळेही फरक पडतो. मूळ भिंत रोलरने रंगवली असेल तर तिच्यावर बारीक दाणा असतो आणि ब्रशच्या रेघा त्यात मिसळत नाहीत. अशा भिंतीला छोटा रोलरच लावावा. मॅट फिनिशवर डागडुजी बऱ्यापैकी खपून जाते. सॅटिन किंवा ग्लॉसवर ती लपवणं जवळजवळ अशक्य.

‘शेड कार्डावरचा कोड दिला की हुबेहूब रंग मिळतो’ हेही अर्धसत्यच. टिंटिंग मशीन आज मिसळेल तो रंग कोडाप्रमाणेच असेल, पण भिंत आता त्या कोडाची राहिलेली नसते. ऊन, धूळ, फोडणीचा धूर आणि देवघरातल्या उदबत्त्या यांनी ती बदललेली असते. शिवाय दोन वेगळ्या डब्यांत किंचित फरक पडू शकतो. म्हणूनच एका भिंतीला दोन डबे लागणार असतील तर अनुभवी रंगारी दोन्ही एका बादलीत ओतून ढवळून घेतो. आणखी एक: ओला इमल्शन रंग फिका दिसतो, वाळला की गडद होतो. लावता लावताच ‘जुळला नाही’ म्हणून हात मारत बसू नये.

थोडक्यात, टवका नखाएवढा असेल तर तेवढ्यापुरता अगदी पातळ रंग लावावा, भोवती पसरू नये. तळहातापेक्षा मोठा असेल तर तुकड्यांत काटकसर करू नका, ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवा. कोपऱ्यावर उजेडाची दिशाच बदलते, त्यामुळे शेजारच्या भिंतीशी असलेला सूक्ष्म फरक डोळ्याला कळत नाही.

प्रत्येक डागाला रंग लागतोच असंही नाही. पेन्सिलच्या रेघा खोडरबराने जातात, बोटांचे ठसे सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने. पण जोर लावून घासू नका. मॅट रंग घासला की तिथे गुळगुळीत, चमकणारा पट्टा तयार होतो आणि तो डागापेक्षा जास्त खुपतो. आधी भिंतीवरून गडद कापड फिरवून पाहा. पांढरी भुकटी आली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर समजा. त्याला ओलं फडकं लावलं तर डागाबरोबर रंगही निघेल आणि त्यावर थेट इमल्शन लावलं तर पोपडे सुटतील.

माळ्यावरच्या डब्याचं झाकण उघडताच कुजकट वास आला तर आतलं इमल्शन जिवाणूंनी नासलेलं आहे. पाणी घालून ते सुधारत नाही.

पावसाळ्यानंतरचा लाडका गैरसमज म्हणजे वॉटरप्रूफ रंग मारला की ओल थांबते. गच्ची, न्हाणीघराचा पाइप किंवा बाहेरच्या भिंतीची भेग, यांतून पाणी येतच राहतं. त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा धरतो आणि रंगाचा थर उचलून टाकतो. चाचणी सोपी आहे. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय, तेव्हा आधी प्लंबर किंवा गवंडी बोलवा, रंगारी नंतर.

शेवटचा गैरसमज मात्र तब्येतीशी संबंधित आहे: ‘जुना रंग घासताना फक्त धूळच उडते.’ घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात 2016 च्या नियमांनी मर्यादा घातली, दर दहा लाख भागांत 90 भाग. ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांमध्ये, शिसं असू शकतं. जुनी दारं-खिडक्या आणि स्वयंपाकघरातला कमरेपर्यंतचा ऑइल पेंटचा पट्टा कोरडा घासू नका. वॉटर पेपरने पाणी लावत घासा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. घासून झाल्यावर झाडू न मारता फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.