एक 'हॅव', पाच मराठी वाक्ये



गेल्या जुलैत सकाळच्या फॉल-इनला सहावीतला एक छोटा कॅडेट आमच्या प्रीफेक्टसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आय अ‍ॅम हॅविंग फीवर." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. कोणीतरी विचारले, "ब्रेकफास्टला ताप खातोस का?" तो गप्प रांगेत परतला. दुसऱ्या दिवशी ताप होताच, पण तो काही बोलला नाही. मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्यावर तो खाली बसला. मी त्याला एम.आय. रूममध्ये नेले, तेव्हा त्याचा हात चांगलाच तापला होता. "सकाळीच का सांगितले नाहीस?" असे विचारले तर म्हणाला, "दादा, वाक्य चुकतं."

त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. मग वाटले, हे वाक्य चुकते तरी का, ते नीट शोधावे.

कारण साधे आहे. मराठीत 'हॅव'साठी एकच असे क्रियापद नाही. इंग्रजी जिथे एका 'हॅव'वर भागवते, तिथे आपण वेगवेगळी वाक्ये करतो:

१. आय हॅव अ ब्रदर : मला एक भाऊ आहे. नाते आणि आजार यांना 'मला' लागते.

२. आय हॅव अ पेन : माझ्याकडे पेन आहे. वस्तूला 'कडे' किंवा 'जवळ'. 'माझ्याकडे भाऊ आहे' म्हटले तर तो सुट्टीत राहायला आलाय असे वाटेल!

३. आय हॅव टू गो : मला जावे लागेल. इथे 'हॅव' म्हणजे सक्ती.

४. आय हॅव ईटन : मी जेवलो आहे. इथे ते फक्त काम झाल्याचे सांगते.

५. आय हॅड माय हेअर कट : मी केस कापून घेतले. काम दुसऱ्याने केले. 'आय कट माय हेअर' म्हटले तर इन्स्पेक्शनला सर विचारतील, "कात्री कुठून आणलीस?"

आता 'हॅविंग'कडे येऊ. 'हॅव'चा अर्थ जवळ असणे किंवा आजार असणे असा असेल, तर तिथे 'हॅविंग' चालत नाही. खाणे-पिणे किंवा एखादी क्रिया चालू असेल तर चालते : वुई आर हॅविंग लंच. 'मला ताप आहे' यातल्या 'आहे'चे आपण मनात 'अ‍ॅम' करतो आणि त्यामागे 'हॅविंग' येते. चूक होते ती अशी.

गंमत म्हणजे माझ्या शेजारच्या बेडवरचा तमिळ मित्रही हीच चूक करायचा. तमिळमध्ये 'मला ताप आहे' हे 'एनक्कु काय्च्चल इरुक्कु' असे होते. एनक्कु म्हणजे मला, काय्च्चल म्हणजे ताप, इरुक्कु म्हणजे आहे. शब्दाला शब्द जुळतो! 'माझ्याकडे पेन आहे' म्हणजे 'एन्किट्ट पेना इरुक्कु'.

याच शहरात, तेव्हाच्या मद्रासमध्ये, १८१२ साली कंपनीच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवण्यासाठी कॉलेज ऑफ फोर्ट सेंट जॉर्ज सुरू झाले. त्याच्याशी संबंधित फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी १८१६ साली दाखवून दिले की तमिळ, तेलुगू या भाषा संस्कृतातून आलेल्या नसून त्यांचे कुटुंब वेगळे आहे. मराठी मात्र संस्कृतच्या घराण्यातली, आणि इंग्रजी त्याच मोठ्या कुळातली दूरची नातेवाईक. तरी 'हॅव'च्या बाबतीत आपण नातेवाइकाला सोडून शेजाऱ्यासारखे बोलतो. म्हणजे ही चूक बुद्धूपणाची नाही. चुकणारा मुलगा आपल्या भाषेच्या नियमाने बरोबरच चाललेला असतो, फक्त रस्ता इंग्रजीचा असतो.

म्हणून 'हॅव' वापरताना आधी मनात मराठी वाक्य करा. त्यात 'मला आहे' येते, 'माझ्याकडे' येते, 'लागेल' येते की 'करून घेतले' येते, ते पाहा. तो आता 'आय हॅव अ फीवर' बरोबर म्हणतो. पण यंदा सहावीत नवे कॅडेट आले आहेत. त्यांच्यातला कोणी 'हॅविंग फीवर' म्हणाला, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावा. व्याकरण संध्याकाळच्या प्रेपला सांगता येईल.