दोन तासांचा पुरावा

दारू पिऊन गाडी चालवण्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे वाद होतो तो मर्यादेच्या आकड्यावर. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सांगतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा. इंग्लंडमध्ये ही मर्यादा 1967 पासून 80 आहे, स्कॉटलंडने 2014 मध्ये ती 50 वर आणली, स्वीडनमध्ये ती 20 आहे. म्हणजे आपला कायदा चांगलाच कडक आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. तरीही माणसं मेलेल्या अपघाताचा खटला उभा राहतो तेव्हा दारूचाच मुद्दा आधी डळमळतो. याचं कारण 30 च्या आकड्यात नाही. गाडी थांबल्यापासून सुई टोचेपर्यंत जो वेळ जातो, त्यात आहे.

नाकाबंदीवर हवालदार फुंक मारायला सांगतो तेव्हा यंत्र रक्त तपासत नाही. श्वासातल्या अल्कोहोलचं आतल्या प्लॅटिनमच्या पातळ थरावर ऑक्सिडीकरण होतं, त्यातून वीज निर्माण होते आणि तिच्यावरून रक्तातलं प्रमाण काढलं जातं. नुकताच घोट घेतलेला असेल तर तोंडात रेंगाळलेली दारू आकडा फुगवते, म्हणून पंधरा मिनिटं थांबणं शहाणपणाचं. जखमी चालक मात्र फुंक मारू शकत नाही. त्याला मेडिकलला नेतात आणि खरी कसोटी तिथे लागते. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नाही. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर साठवणीत जंतू रक्तातल्या साखरेपासून नवं अल्कोहोल तयार करू शकतात किंवा असलेलं खाऊन टाकतात. रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट, मग घट्ट बूच, सील, सही, वेळेची नोंद आणि थंड जागा. एवढं सगळं नीट झालं तरच पुढे प्रयोगशाळेतून येणाऱ्या रासायनिक विश्लेषणाच्या (सीए) रिपोर्टला न्यायालयात वजन राहतं. वांद्र्याच्या 2002 च्या अपघाताच्या खटल्यात रिपोर्ट 62 मिलिग्रॅमचा होता, पण 2015 मध्ये आरोपीला निर्दोष सोडताना उच्च न्यायालयाने नमुन्याच्या हाताळणीवरही शंका घेतल्या.

हाताळणी निर्दोष असली तरी यकृत थांबत नाही. दर तासाला सरासरी 15 मिलिग्रॅम या वेगाने ते अल्कोहोल संपवत असतं. अपघाताच्या क्षणी 60 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट, प्रमाण असलेला माणूस दोन तासांत 30 वर येतो आणि चार तासांत कोरा होतो. कायद्याच्या कलम 202 मध्येही दोन तासांची मुदत आहे, पण ती अटकेपासून मोजायची. अटक उशिरा झाली तर मुदतही उशिरा सुरू होते, आणि ती चुकली तर कायदा एवढंच म्हणतो की माणसाला कोठडीतून सोडा. विलंबाचा फायदा ज्याची तपासणी करायची त्यालाच! पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मे 2024 मध्ये रात्री अडीचच्या सुमारास दोघांचा बळी घेणारा अपघात झाला. रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. पुढे नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. पण साडेआठ तासांत 120 मिलिग्रॅमही उतरून जातं. अस्सल नमुन्यानेही काही सांगितलं असतं का, याची शंका मला वाटते.

यावर कोणी म्हणेल की उलट हिशोब करून मूळ प्रमाण काढता येतं. येतं, पण मोघम. कुणाचं यकृत तासाला 10 मिलिग्रॅम उतरवतं तर कुणाचं 20 किंवा त्याहून जास्त. शेवटचा पेला अपघाताच्या जरा आधी घेतला असेल तर प्रमाण त्यानंतरही चढत राहतं. या संशयाचा फायदा न्यायालय आरोपीलाच देणार, आणि त्याने तो द्यायलाच हवा. मर्यादा सरळ शून्य करा, ही मागणीही वरचेवर होते. उशिरा काढलेल्या रक्तात शून्याची मर्यादासुद्धा ओलांडलेली दिसणार नाही. जास्त गंभीर आक्षेप डॉक्टरांचा आहे: मध्यरात्री अपघात विभागात आधी जीव वाचवायचा की पोलिसांची कामं करायची? जीवच आधी वाचवायचा, यात वाद नाही. पण रक्तगट पाहायला जखमीचं रक्त बहुतेक वेळा घेतलं जातंच. त्याच वेळी, सलाइन न लावलेल्या हातातून चार-पाच मिलिलिटर वेगळ्या बाटलीत घेतल्याने उपचार अडत नाहीत. आणि वेळेवर घेतलेला नमुना न प्यायलेल्या चालकाचंही रक्षण करतो. एरवी ‘तोंडाला वास येत होता’ एवढ्या एका साक्षीवर त्याच्यावर ठपका बसू शकतो.

म्हणून दोन तासांची मुदत अटकेपासून नव्हे, अपघातापासून मोजली जावी आणि ती चुकली तर संबंधित अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागावं. प्रत्येक अपघात विभागात फ्लोराइडच्या बाटल्यांची सीलबंद पेटी असावी. कायदा बदलेपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. आपलं माणूस अशा अपघातात सापडलं असेल, तर पोलीस ठाण्यात पहिल्या तासातच विचारा की समोरच्या चालकाचं रक्त किती वाजता घेतलं, आणि ती वेळ कागदावर लिहून घ्या.