आघातानंतरचा ताण : मुले आणि बचावकर्मी (लेखांक ६)

आघातोत्तर ताणविकारात घडून गेलेली घटना मनाच्या लेखी संपलेलीच नसते. जीव धोक्यात आला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग शरीराला क्षणात सावध करतो. प्रसंगाला काळ आणि ठिकाण जोडून देण्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्याच दुसऱ्या भागाचा मोठा वाटा असतो. भीती अनावर झाली तर ही जोडणी कच्ची राहते, असे मानले जाते. मग एखादा वास किंवा आवाजही तो प्रसंग पुन्हा समोर उभा करतो. सुरुवातीला झोप उडणे, दचकणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत ते ओसरते. महिना उलटूनही त्रास कायम राहिला आणि रोजचे जगणे अडू लागले, तर या विकाराची शंका घ्यावी लागते. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवरच कोसळल्या. अशा आपत्तीतून वाचलेल्या मुलाला घर आणि झोप या दोन्हींचीच भीती बसू शकते. पण ते तसे सांगत नाही. पोट दुखते म्हणते, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय परत येते, आईचा पदर सोडत नाही. सगळ्यात बोलका असतो तो खेळ. मूल ठोकळ्यांचे घर रचते, बाहुली आत निजवते, घर पाडते, बाहुली उकरून काढते आणि पुन्हा निजवते. चेहऱ्यावर खेळाचा आनंद नसतो. कॅलिफोर्नियातील चौचिला येथे १९७६ मध्ये शाळेच्या बसमधून २६ मुलांचे अपहरण झाले. त्या मुलांचा अभ्यास करताना बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी असाच आनंदहीन, तोच तो खेळ नोंदवला. मोठी माणसे मात्र 'लहान आहे, विसरेल' म्हणून मोकळी होतात. हा समज फार घातक आहे.

बचावकर्मींचा आघात अनेकदा साचत जातो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कित्येक दिवस चिखल उपसत होते. अशा कामात हाताला आपल्या लेकीच्या मापाची चप्पल लागली, तर ती मनातून जात नाही. पुढे ओल्या मातीचा वासही नकोसा होतो. घरी चिडचिड, अबोला किंवा दारू दिसते. त्यामागची चप्पल कोणाला दिसत नाही. कामाचा भाग म्हणून वारंवार पाहिलेली भीषण दृश्येही या विकाराचे कारण ठरू शकतात, हे त्याच अमेरिकन संघटनेच्या २०१३ च्या निदाननियमावलीत स्पष्ट नमूद आहे. सहा वर्षे आणि त्याहून कमी वयाच्या मुलांसाठी वेगळे निकषही तिच्यातच आले.

आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून आठवणी वदवून घेणे उपयोगाचे ठरत नाही. उलट अपायही होऊ शकतो. आधी सुरक्षित निवारा, आपली माणसे, वेळेवर जेवण-झोप हवी. मुलांना शाळाही लवकर सुरू झालेली बरी. त्रास टिकलाच तर आघातकेंद्री बोधवर्तन उपचार गुणकारी ठरतात. त्यात प्रशिक्षित उपचारक मुलाच्या कलाने, चित्रांतून आणि खेळातून, त्या प्रसंगाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत लावून घेतो. पालकही सोबत असतात. जवानांची अडचण निराळी असते. त्रास सांगितला तर कामावरून बाजूला काढतील, ही धास्ती त्यांना गप्प ठेवते. त्यामुळे वरिष्ठांच्या नजरेबाहेर, नाव गुप्त राहील अशी मदत त्यांना मिळावी लागते. 'टेली मानस' या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर ती कोणत्याही वेळी, मराठीतूनही मिळते.